माझ्दा एमएक्स-५ : घरगुती फेरबदल
माझ्दा या जपानी कंपनीची दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दाखवली गेली. पहिल्या पिढीचे वजन हजार किलोच्या आसपास, इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना आणि बांधणी साधी. त्यामुळे हौशी मालकांनी घरच्या गॅरेजातच तिच्यात मनाजोगे बदल केले. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, स्प्रिंगा, ब्रेक पॅड हे बदल नेहमीचे. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, मार्ग वळवणे मात्र खरे कसबाचे काम. हे इंजिन मुळात पुढच्या चाकांना चालना देणाऱ्या गाडीत आडवे बसत असे. इथे ते लांबीत बसवले, तेव्हा कूलंट आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची दोन्ही तोंडे पुढच्याच टोकाला राहिली. परिणामी मागचा चौथा सिलिंडर जास्त तापतो. म्हणून टर्बो बसवणारे अनेकजण कूलंट बाहेर पडण्याच्या तोंडावरचा थर्मोस्टॅट मागे नेतात. टप उघडे असल्याने, गाडी उलटल्यास डोके वाचवणारा रोल बार ही चैन नव्हे. जुनी गाडी हाती आली, तर आधी कापडी टपामागची निचऱ्याची भोके पाहावीत. ती पालापाचोळ्याने तुंबली की दाराखालचा पत्रा आतून गंजतो, आणि गंजलेल्या सांगाड्यावर वाढीव ताकदीचे इंजिन चढवणे धोक्याचे असते.