हाली की कलदार?

ऑनलाइन दुकानात एकच पैठणी न्यू जर्सीच्या ग्राहकाला डॉलरमध्ये आणि पुण्याच्या ग्राहकाला रुपयांत दिसते. ही सोय आपण संगणकाच्या युगातली मानतो, पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बाजारपेठेला शंभर वर्षांपूर्वीच चांगला ठाऊक होता. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले. मनमाडला इंग्रजी मुलूख लागला की कलदार. दोन्हींचे नाव रुपयाच, दोन्हींचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा. मोल मात्र वेगळे. गिऱ्हाइकाच्या चलनात किंमत सांगताना व्यापारी चलनबदलाचा बट्टा कोणाच्या अंगावर टाकायचा तेही ठरवत असतो, आणि हे ठरवणे उघड असेल तरच ती किंमत प्रामाणिक म्हणता येते. मराठवाड्याचा नाणेव्यवहार मला याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो.

नाण्याच्या बाबतीत हे शहर नवखे नव्हते. मोगलांची इथे टांकसाळ होती आणि तिच्या नाण्यांवर ‘खुजिस्ता बुनियाद’ हे शहराचे नाव उमटे. पुढे 1857 नंतर निजामाच्या नाण्यावरून मोगल बादशहाचे नाव गेले आणि हाली सिक्का राज्याचे स्वतःचे चलन म्हणून स्थिरावला. हालीत हजारी 818 भाग चांदी, कलदारात सुमारे 917, शिवाय हालीचे वजनही थोडे कमी. जोवर दोन्ही रुपयांचे मोल चांदीवर ठरत होते, तोवर त्यांच्यातले अंतर फारसे हलत नव्हते. 1893 साली इंग्रज सरकारने खासगी चांदीसाठी आपल्या टांकसाळी बंद केल्या. चांदी उतरत राहिली, पण कलदार तिच्याबरोबर उतरला नाही. तो धातूपेक्षा महाग झाला. हाली मात्र चांदीबरोबर घसरला. ज्याची कमाई हालीत आणि खरेदी कलदारात, त्याने काहीही न करता त्याची पुंजी आटली. 1904 च्या सुमारास हैदराबादने चारमिनार छापाचे यंत्रावर पाडलेले नाणे काढले, टांकसाळ सरकारच्या हाती ठेवली, आणि मग कुठे दर स्थिर झाला: शंभर कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. सहा कलदार म्हणजे सात हाली.

हा दर कागदावर सोपा दिसतो, हातात पैसे घेऊन मोजला की त्याची खोच कळते. एक कलदार म्हणजे एक रुपया दोन आणे आठ पै हाली. हिशेब पैला पै जुळतो. उलट बाजूने एका हालीचे कलदारात तेरा आणे आठ पै होतात आणि वर पैचे चार सप्तमांश उरतात. ते द्यायला नाणेच नाही. म्हणजे रक्कम सातच्या पटीत नसेल, तर हालीतली किंमत कलदारात सांगताना कोणीतरी थोडे सोडायचे किंवा कोणीतरी थोडे जास्त घ्यायचे. मोठ्या हुंडीत ही रक्कम हिशेबातही येत नाही. चार-आठ आण्यांच्या खरेदीत, आणि दिवसातून अनेकदा, ती नक्की येते. म्हणूनच हैदराबाद संस्थानच्या सरकारी अहवालांत रकमेसोबत उस्मानिया सिक्का (म्हणजे हालीच) की ब्रिटिश सरकारचे नाणे ते लिहिलेले असे, आणि मराठवाड्यातल्या जुन्या दस्तांत नुसते ‘रुपये’ न लिहिता ‘हाली सिक्का’ असे नोंदवलेले आढळते. शेतसारा हालीत भरायचा आणि कापूस जायचा मुंबईच्या बाजारात. अशा मुलखात चलनाचे नाव न घेता सांगितलेली किंमत अर्धवटच होती.

यावर कोणी म्हणेल, हा घोळ शेवटी एका चलनानेच मिटला ना? मिटला खरा. संस्थान भारतात आल्यावर 1950 पासून भारतीय रुपया सोबतीने चालू लागला आणि 1959 मध्ये हाली कायमचा बाद झाला. पण तो मिटवला राज्यकर्त्यांनी, आणि चलनांची सीमा मनमाडजवळून उठून देशाच्या हद्दीवर गेली, एवढेच. हद्दीपलीकडे पैठणी विकणाऱ्याला जुनाच प्रश्न पडतो. नुसती ओळखीची लिपी किंवा ओळखीचे चिन्ह दाखवूनही तो सुटत नाही. 1918 पासून निघालेल्या हैदराबादच्या नोटांवर उर्दूसोबत मराठी, तेलुगू, कानडी आणि इंग्रजीतही रक्कम लिहिलेली असे. ती वाचता येई, पण सीमेपलीकडे तिचे किती मिळतील हे नोट सांगत नसे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दुकानदाराने आपल्याच चलनात भाव सांगावा, बदलाचे काम बँकेवर सोडावे. दर रोज हलतो, तो त्याने का सोसावा? लहान विणकराच्या बाबतीत हे मला पटते. डॉलरचा भाव महिनाभर बांधून ठेवायची त्याची ऐपत नसते. पण मग तसे स्पष्ट लिहावे. बट्टा ग्राहकाने सोसण्यात गैर नाही. तो किमतीच्या पोटात लपवणे गैर आहे. परदेशी दुकानात कार्ड दिले की यंत्र ‘तुमच्या चलनात पैसे द्यायचे का?’ असे विचारते. तिथे रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो, पण त्या दरात दुकानाच्या बँकेची किंवा मधल्या कंपनीची कमाई मिसळलेली असते. सराफाच्या पेढीवर बट्टा निदान बट्टा म्हणून मागितला जाई. आपल्याकडे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड दाखवणे विक्रेत्यावर बंधनकारक केले आहे. त्या फोडीत टपाल, हाताळणी, वाहतूक आणि कर यांचा नावानिशी उल्लेख आहे. चलनबदलाच्या बट्ट्याचा नाही. तोही तिथे नावानिशी यायला हवा, आणि त्याच्याशेजारी त्या दिवसाचा दर.