नऊशे डॉलर आणि सातवा वॉर्ड

वंशभेदावर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांना विद्यापीठानेच सुरुवातीपुरते थोडे पैसे द्यायचे, ही रीत अमेरिकेत गेल्या काही वर्षांत दिसली. २०२० साली मिनीॲपोलिसमध्ये कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, त्यानंतर असे निधी बऱ्याच विद्यापीठांनी जाहीर केले. बीजनिधी म्हणतात त्याला. मी मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी. बी म्हटलं की ते कुणी दिलं आणि कोणतं पीक मनात धरून दिलं, हेच मी आधी विचारते. विचारत मागे गेलं की माझा मुक्काम १८९६ सालच्या फिलाडेल्फियात पडतो.

त्या वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना बोलावलं. वय अठ्ठावीस. हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय, बर्लिनला शिकून आलेले. गरीब वस्तीत काम करणाऱ्या सुझन व्हार्टन यांनी विद्यापीठाचे प्रमुख चार्ल्स हॅरिसन यांच्यामागे शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या पाहणीसाठी लकडा लावला होता. पगार ठरला वर्षाला ९०० डॉलर. पद साहाय्यकाचं. शिकवायला वर्ग नाही, बसायला खोली नाही, विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात नावसुद्धा नाही. शहर नासतंय ते काळ्या लोकांच्या गुन्हेगारीमुळे, हे उत्तर बोलावणाऱ्यांच्या मनात आधीच तयार होतं, असं ड्यू बॉइस यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. बोलावणाऱ्यांना हवा होता तो त्यावर शास्त्राचा शिक्का.

ड्यू बॉइस आणि त्यांची नवपरिणीत पत्नी नीना सातव्या वॉर्डातच, एका खाणावळीवरच्या एका खोलीत राहिले. स्प्रूस आणि साउथ या रस्त्यांच्या मधली ही चिंचोळी पट्टी, शहरातली कृष्णवर्णीयांची सर्वांत दाट वस्ती. प्रश्नावल्या त्यांनी स्वतः बनवल्या आणि हाताखाली पाहणी करणाऱ्यांची फौज न घेता स्वतःच दारोदार फिरले. सुमारे अडीच हजार घरं! घरभाडं किती, कामधंदा कोणता, जन्म कुठला, लिहितावाचता येतं का, चर्च कोणतं.

लोकांनी त्यांचं हसून स्वागत केलं नाही. आपल्याला कुणी नमुन्यासारखं तपासतंय, हे त्यांना आवडलं नाही. मला तो प्रसंग डोळ्यांसमोर दिसतो, कारण मीही तशा दारात उभी राहिले आहे. एका विद्यापीठाने मला गावागावांतल्या पाणवठ्यांच्या पाहणीसाठी लघु प्रकल्पाचे पैसे दिले होते. मंजुरीच्या बैठकीत एका सदस्याने सुचवलं, जातीचा रकाना काढा, विहिरींची खोली मोजा. रकाना मी काढला नाही. दुसरा हप्ता आला नाही. त्याहून जास्त मनात राहिली ती दलित वस्तीतली म्हातारी. माझ्या हातातला कागदांचा गठ्ठा बघून म्हणाली, "बाई, तुम्ही लिहून नेता, पुढं काय होतं?" मला उत्तर देता आलं नव्हतं.

ड्यू बॉइस यांचं उत्तर १८९९ साली ग्रंथरूपाने आलं, 'द फिलाडेल्फिया नीग्रो'. कसबी कारागिराला कातडीच्या रंगापायी काम मिळत नाही, वाईट घराला भाडं मात्र जास्त पडतं, गुलामगिरीचं ओझं पिढ्यांवर तसंच आहे, हे त्यांनी आकड्यांनी मांडलं. सोबत रंग भरलेला नकाशा, त्यात घराघराचा सामाजिक थर ठरवलेला. अगदी खालच्या थराबद्दल लिहिताना त्यांची लेखणी मास्तराच्या छडीसारखी होते, आणि ते मला खटकतं. तरीही प्रश्न माणसांत नाही, त्यांच्यापुढे बंद केलेल्या दारांत आहे, हे इतक्या मेहनतीने तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

विद्यापीठाने त्यांना पुढे ठेवून घेतलं नाही. ते अटलांटाला गेले आणि अपुऱ्या पैशांत वर्षानुवर्षं पाहण्या करत राहिले. अलाबामातल्या लाउंड्स परगण्याची पाहणी त्यांनी सरकारच्या मजूर खात्यासाठी केली. खात्याने अहवाल छापला नाही, हस्तलिखितही नष्ट केलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना मानद प्राध्यापकपद दिलं ते २०१२ साली, मृत्यूनंतर ४९ वर्षांनी.

हे वाचताना मला बडोदा आठवतं. तिथले महाराज सयाजीराव गायकवाड यांनी बाबासाहेब आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. तिथे १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी जातिव्यवस्थेवरचा निबंध वाचला. महाराजांच्या त्या मदतीचं मोल मी कमी करणार नाही. पण १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारापोटी नोकरीला बडोद्यात आलेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत जात लपवून काढलेले दिवस आणि तिथून झालेली हकालपट्टी त्यांनी स्वतः लिहिली आहे.

ही दोन माणसं १९४६ साली कागदावर भेटली. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागत आहेत असं वाचून बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र टाकलं. अस्पृश्यांचाही तसंच करायचा विचार आहे, त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, असं विचारलं. ३१ जुलैला ड्यू बॉइस यांचं उत्तर निघालं. बाबासाहेबांचं नाव त्यांना ठाऊक होतं, आणि अस्पृश्यांबद्दलची आस्था त्यांनी कळवली होती.