सीमाभागातील मराठी वाचनालये आणि त्यांचा लोकाश्रय

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे आहे. मुंबई विद्यापीठ निघाले 1857 मध्ये, त्याच्या नऊ वर्षे आधी. शेजारच्या कोल्हापुरातील करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे. त्या काळी मुंबई इलाख्यातील मोठ्या गावांत ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने अशा संस्था निघत. गावातील वकील, शिक्षक, कारकून, व्यापारी वर्गणी काढत, एखादा अधिकारी किंवा संस्थानिक हातभार लावी आणि वर्तमानपत्रे व पुस्तके यांची सोय होई. वर्गणी आणि देणगी हाच पाया होता, आणि आपल्या भागात तो आजही फारसा बदललेला नाही. का, ते समजून घेण्यासाठी दोन कायदे पाहावे लागतात.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याने 1965 मध्ये सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. त्याचा भर सरकारी ग्रंथालयांच्या जाळ्यावर आहे आणि खर्चासाठी मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला आहे. महाराष्ट्राने 1967 मध्ये वेगळी वाट धरली. तिथे उपकर नाही. लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता द्यायची आणि अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे वार्षिक अनुदान द्यायचे, ही तिथली पद्धत. दोन्ही पद्धतींत गुणदोष आहेत. पण लोकांनी उभारलेले मराठी वाचनालय आणि ते कर्नाटकात, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांची यात कुचंबणा झाली.

निपाणीकरांना हे वेगळे सांगायला नको. देवचंद महाविद्यालयात शिकणारी निपाणीची मुले रोज राज्याची हद्द ओलांडतात, कारण अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते. हद्दीच्या पलीकडचे गावठाणातले छोटे वाचनालयही त्या अनुदान योजनेत बसू शकते. अलीकडच्याला, पुस्तके तीच आणि वाचकही तेच असले, तरी ती वाट मोकळी नाही.

म्हणून इथल्या वाचनालयांनी लोकांना धरून राहण्याच्या रीती स्वतःच शोधल्या. त्यातली सर्वांत मोठी व्याख्यानमाला. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची बॅ. नाथ पै व्याख्यानमाला सर्वांना परिचित आहे. नाथ पै यांचे निधन 18 जानेवारी 1971 रोजी बेळगावातच झाले, त्यामुळे या नावाशी गावाचे नाते केवळ आदराचे नाही. व्याख्यानाला येणारा प्रत्येक जण पुस्तक नेतोच असे नाही. पण वाचनालय आपले आहे, ही भावना तिथे तयार होते. इमारतीच्या दुरुस्तीसाठी पावतीपुस्तक घेऊन कोणी दारात आले की ती उपयोगी पडते. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी आणि निपाणीकडे कारदगा या गावांतील साहित्य संमेलनांनी हेच काम खेड्यांत केले आहे. ग्रंथदिंडीत डोक्यावर कळस घेऊन चालणाऱ्या बायका आणि लेझीम खेळणारी मुले यांच्यापैकी किती जणांच्या घरी वाचनालयाचे कार्ड आहे, हा प्रश्न मात्र संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सहसा कोणी विचारत नाही. विचारायला हवा.

दुसरी रीत दिवाळी अंकांची. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. आज सगळे अंक विकत घेणे कोणालाच परवडत नाही. वाचनालय ठरावीक रक्कम घेऊन ते आळीपाळीने वाचायला देते. वर्षभर न फिरकणारी माणसे या निमित्ताने येतात. त्याच वेळी त्यांच्याकडून वर्षाची वर्गणी भरून घेणारा ग्रंथपाल हुशार म्हणायचा.

खरी अडचण बालविभागाची आहे. घरात मराठी बोलणारी, पण इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले जोडाक्षरांशी अडखळतात आणि लाजेने पुस्तक खाली ठेवतात. त्यांच्यापुढे एकदम जाड कादंबरी ठेवून उपयोग नाही. मोठ्या टायपातली, चित्रांची पुस्तके आणि आठवड्यातून एकदा कोणी तरी मोठ्याने वाचून दाखवणे, एवढ्यानेही फरक पडतो. वाचून दाखवायला निवृत्त शिक्षक प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना बोलावणे एवढेच बाकी असते. थोड्या मोठ्या मुलांसाठी आपल्याच मातीतली पुस्तके वेगळ्या कपाटात दर्शनी ठेवावीत: प्रकाश नारायण संतांचा लंपन, इंदिरा संतांच्या कविता, निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणाऱ्या महादेव मोरे यांच्या कथा. ओळखीची बोली छापील पानावर दिसली की मूल थबकते.

देणगीबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. घर रिकामे करताना जुनी गाईडे, वाळवी लागलेले अंक वाचनालयात आणून टाकणे ही देणगी नव्हे. आधी यादी द्यावी, निवड ग्रंथपालाने करावी. कपाट, पुस्तक बांधणीचा खर्च किंवा एखाद्या नियतकालिकाची वर्षाची वर्गणी यांची गरज जास्त असते. वाढदिवस किंवा वर्षश्राद्धाच्या निमित्ताने एवढे सहज करता येते.

आणि शेवटी आपल्या हक्काचे. घरपट्टीच्या पावतीवर ग्रंथालय उपकराचा रकाना असतो. दर कराच्या सहा टक्के. म्हणजे सरकारी ग्रंथालयाचे आपणही वर्गणीदार आहोत. तरीही तिथे जाऊन मराठी पुस्तकांची मागणी नोंदवणारे मोजकेच. ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयांत मुलांना मोफत सभासदत्व देण्याची मोहीम ‘ओदुव बेळकु’ या नावाने 2020 पासून सुरू झाली. आपल्या मुलांची नावे तिथे घालावीत, सोबत कन्नड पुस्तकेही वाचावीत. मागणीचा अर्ज मोघम नसावा. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत अशी तयार यादी, त्याखाली वाचकांच्या सह्या, आणि एक प्रत पोच घेऊन आपल्याकडे ठेवलेली, असा असावा. अर्ज कन्नडमध्ये लिहून देणारे सभासद आपल्या मंडळात आहेत.