फ्लायबॅक: नाव कुणाचं, श्रेय कुणाचं?

मोबाईलच्या चार्जरच्या पोटात पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक छोटा ठोकळा असतो. तो ट्रान्सफॉर्मर. बहुतेक वेळा 'फ्लायबॅक' जातीचा. हे नाव आलं कुठून आणि या तंत्राचं श्रेय द्यायचं कुणाला, यावर या विकेंडला थोडं लिहावं म्हटलं.

नाव आलं टीव्हीतून. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ काढायचा आणि झटकन मागे यायचा. हे मागे येणं म्हणजे फ्लायबॅक. आपल्याकडच्या ६२५ ओळींच्या पद्धतीत हे सेकंदाला १५,६२५ वेळा चालायचं. (लहान मुलांना ऐकू येणारी ती बारीक शिट्टी याचीच!) झोत मागे आणताना कॉइलमधला प्रवाह एकदम बदलतो, आणि तसं झालं की कॉइलवर मोठं व्होल्टेज उसळतं. ती उसळी वापरूनच रंगीत टीव्हीला लागणारे वीस-पंचवीस हजार व्होल्ट तयार करत. टीव्ही दुरुस्त करणारे ज्याला 'ईएचटी' म्हणत, तो हाच ट्रान्सफॉर्मर.

पॉवर सप्लायमध्ये हीच युक्ती. स्विच चालू असताना ऊर्जा साठवायची, बंद झाला की दुसऱ्या वाइंडिंगमधून सोडायची. साधा ट्रान्सफॉर्मर एका हाताने घेतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने देतो. हा आधी घेतो, मग देतो. म्हणजे खरं तर ही दोन वाइंडिंगची कॉइलच!

मग ऊर्जा साठते कुठे? गंमत इथेच आहे. बहुतेक सगळी साठते ती फेराइटच्या दोन तुकड्यांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटीत. हिशोब करून बघा. ४० वॅटचा सप्लाय सेकंदाला ५०,००० वेळा स्विच होत असेल, तर दर वेळी ०.८ मिलिज्यूल साठवायला हवेत. फेराइटला झेपेल असं ०.३ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र धरलं, तर त्यासाठी साधारण २२ घन मिलिमीटर जागा लागते. गाभ्याचा छेद एक चौरस सेंटीमीटर असेल तर फट ०.२२ मिमी. दोन कागदांएवढी! फट ठेवली नाही तर गाभा लगेच संपृक्त होतो, प्रवाह बेफाम वाढतो आणि ट्रान्झिस्टर उडतो.

गाभा लोखंडी पत्र्यांचा असता तर या वेगाला तापला असता. म्हणून फेराइट. तोक्योत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३० च्या सुमारास ते शोधलं. ते विकायला १९३५ मध्ये टीडीके कंपनी निघाली. पुढे हॉलंडमध्ये फिलिप्सच्या स्नूक यांनी त्यात मोठी सुधारणा केली.

आता श्रेयाचं. १९७७ च्या ॲपल-२ मध्ये रॉड होल्ट यांनी बनवलेला फ्लायबॅक सप्लाय होता. हलका, गार, पंखा नको. स्टीव्ह जॉब्ज म्हणत की नंतरच्या सगळ्या कॉम्प्युटरनी होल्टचीच नक्कल केली. आयझॅक्सनने लिहिलेल्या २०११ च्या चरित्रातही हे आलं आणि अनेकांनी ते खरं मानलं.

पण तसं नाही. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या कॉम्प्युटरमध्येही स्विचिंग सप्लाय होता. रॉबर्ट बोशर्ट नावाचा इंजिनीअर १९७० पासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वस्त स्विचिंग सप्लाय बनवायच्या मागे लागला होता, आणि १९७७ पर्यंत त्याची मोठी कंपनी झाली होती. १९८१ च्या आयबीएम पीसीतही फ्लायबॅकच होता, पण त्याचं नियंत्रण वेगळ्या सर्किटचं.

होल्टचं काम उत्तमच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण सत्तरच्या दशकात हे सगळ्यांनाच जमू लागलं, कारण जास्त व्होल्टेज झेलणारे वेगवान ट्रान्झिस्टर तेव्हा स्वस्त झाले आणि फेराइट आधीच टीव्हीत रुळलं होतं. अशा गोष्टीला एकच बाप शोधायला गेलं की तोक्योची प्रयोगशाळा विसरली जाते, बोशर्टचं टेबल विसरलं जातं, आणि हाताने वेढे घालत 'एक कागद की दोन' हे ठरवणारे लोक तर कुणाच्या गावीही नसतात.

असो. चार्जर उघडून बघायचा मोह झाला, तर आधी प्लग काढा आणि कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करा!