ईसीएममधील बिघडलेल्या डेटाची दुरुस्ती

मोटारगाडीच्या इंजिन नियंत्रण पेटीतील (ईसीएम) मेमरी चिप वाचून, त्यातील खराब झालेला डेटा सुधारून पुन्हा लिहिण्याचे काम. सप्लाय ठीक असूनही गाडी चालू होत नाही किंवा स्कॅनर जोडला जात नाही, तेव्हा पेटी बदलण्याआधी हा उपाय करून पाहावा.

मेमरी : इंजिनाचा प्रोग्रॅम व इंधनाचे नकाशे फ्लॅशमध्ये असतात. ईईप्रॉममध्ये त्या एकाच गाडीची ओळख असते : १७ अक्षरी चासिस क्रमांक, इमोबिलायझरचा कोड, काही पेट्यांत इंजेक्टरचे कोडही. म्हणून दुसऱ्या गाडीचा डंप (चिपमधील डेटाची पूर्ण प्रत) जसाच्या तसा भरला, तर किल्ली ओळखली जात नाही.

कारणे : कमजोर बॅटरीवर केलेले प्रोग्रॅमिंग, रेग्युलेटर गेल्याने चढलेले व्होल्टेज, उलटा लावलेला जंपस्टार्ट, बॅटरीची तार न काढता केलेले वेल्डिंग, पेटीत शिरलेले पाणी.

कृती : चिपला क्लिप लावून किंवा ती काढून प्रोग्रॅमरने डंप घेतात. दोनदा वाचून दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. मूळ फाइल वेगळी जपावी. ही शिस्त बाकी साऱ्या कौशल्यापेक्षा महत्त्वाची आहे, कारण ओळखीचा डेटा एकदा पुसला गेला की तो परत मिळवणे फार कठीण. ९३सी६६ या छोट्या चिपमध्ये अवघे ५१२ बाइट असतात, त्यामुळे सगळा डंप नजरेखालून घालता येतो. सलग ‘एफएफ’ दिसले तर ती जागा कोरी किंवा पुसलेली. टाटा गाडीच्या चासिस क्रमांकाची सुरुवात एम-ए-टी अशी असते. चिप १६ बिटी शब्दांत वाचली, की अनेकदा लगतची अक्षरे अदलाबदल होऊन आधी ए आणि मग एम दिसतो. तो बिघाड समजू नये. अनेक पेट्यांत महत्त्वाच्या नोंदीच्या दोन-तीन प्रती असतात. एक बिघडली, तर शाबूत प्रतीवरून ती भरता येते. शेवटी चेकसम (डेटा पडताळण्याची बेरीज) नव्याने काढावा लागतो, नाहीतर पेटी तो डेटा नाकारते. गाडीवरच प्रोग्रॅमिंग करायचे असेल, तर स्थिर सप्लाय जोडलेला हवा.

एअरबॅग पेटी : अपघातानंतर साठलेला क्रॅश डेटा पुसून तीच पेटी वापरण्याची पद्धत आहे. उत्पादक सहसा पेटी बदलायला सांगतात. याबाबत मतभेद आहेत.

ओडोमीटरचा आकडा बदलणे या नोंदीत येत नाही.

महाराष्ट्र : १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ उत्सर्जन मानके लागू झाल्यावर दुचाकींतही इंजेक्शन व ईसीएम सर्रास आले. नव्या पेट्यांना कुलूपबंद प्रोसेसर व सहीबंद प्रोग्रॅम असल्याने जुनी क्लिपची पद्धत तेथे अपुरी पडते.

परभणी (एमएच २२) : ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ उत्सर्जन मानके लागू होऊन त्यांतही ईसीएम आल्याने हे काम आता शेतीयंत्रांपर्यंत पोचले आहे. म्हणून ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीचे वेल्डिंग करतानाही बॅटरीची तार काढावी.