टपाल अडवायचं नसतं

आमच्या दिंडीच्या जुन्या वहीत वीणेकऱ्यांची नावं आहेत, पखवाजवाल्यांची आहेत, पंगत दिलेल्यांचीही आहेत. पोस्टमन तात्यांचं नाव कुठंच नाही. ते टाळकऱ्यांच्या रांगेत चालले आणि तसेच गेले. शंभरीच्या या अंकात त्यांचं एक पान असावं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

फौजेतला माणूस वारीत येणं आपल्याकडं नवं नाही. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावून देणारे आरफळचे हैबतबाबा शिंदे सरकारच्या पदरी होते. तात्या साधे शिपाई. १९६४ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. १९७१ च्या लढाईत जंगी पलटणीबरोबर जमालपूरला होते. हे गाव आता बांगलादेशात आहे. पलटणीनं ब्रह्मपुत्रा ओलांडून गावामागची वाट अडवली. आपल्या ब्रिगेडियरनं पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याची चिठ्ठी धाडली. मुक्तिवाहिनीचा एक माणूस ती घेऊन एकटा शत्रूच्या ठाण्यात गेला. उत्तराच्या कागदाबरोबर बंदुकीची गोळी आली. १० डिसेंबरच्या रात्री शत्रूनं बाहेर पडायला जोर केला, पण मराठ्यांनी वाट सोडली नाही. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं.

तात्या स्वतःच्या लढाईचं फारसं बोलत नसत. त्या चिठ्ठीवाल्याचं मात्र दर वारीला सांगत. "आमच्या हातात बंदुका होत्या. त्यो नुसता कागुद घेऊन गेला गड्या!"

१९७९ ला पेन्शन घेऊन आले आणि पुढच्या साली टपाल खात्यात लागले. सायकल, खाकी पिशवी आणि पाच वाड्या. तेव्हा आमच्या भागात घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत होता. महिन्याची मनीऑर्डर आली की चूल पेटायची. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावरच्या दोन ओळी तात्या आयाबायांना वाचून दाखवत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले आणि पिशवी हलकी झाली. बाया उंबऱ्यात वाट बघत, आणि तात्या सायकलवरून उतरून "आज न्हाई माउली" एवढं सांगूनच पुढं जात. न बोलता दारावरून गेले नाहीत.

वारीला ते रजा टाकून येत. तेव्हा मोबाइल नव्हते. घरची पत्रं पुढच्या मुक्कामाच्या पोस्टात येत आणि ती आणायचं काम आपोआप तात्यांकडं होतं. एका साली लोणंदच्या मुक्कामात त्यांनी कार्डं आणली, त्यात एकाचा कोपरा फाडलेला. आमच्यातल्याच एका टाळकऱ्याची आई गेली होती. जाणती माणसं म्हणाली, "आता सांगून काय उपयोग? पंढरपूर होऊ द्या, दर्शन घेऊ द्या, मग सांगू." त्यात आमचेही वडीलधारे होते. त्यांच्या मनात वाईट नव्हतं.

तात्या म्हणाले, "टपाल माझं न्हाई, तुमचं बी न्हाई. ज्याचं हाय त्याला दिलं पायजे."

कार्ड दिलं. तो गडी मटकन खाली बसला. तात्यांनी गळ्यातले टाळ उतरवले, त्याचं आणि आपलं गाठोडं उचललं आणि रात्रीच्या एस.टी.नं त्याला गावी नेलं. दहावा होईपर्यंत तिथंच राहिले. इतक्या वर्षांत त्यांची तेवढी एक वारी चुकली. पुढं कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "पांडुरंग इटंवरच हाय, पुढल्या साली बी भेटंल. आईचा दहावा परत येत न्हाई."

नोकरी संपल्यावरही पाय चालले तोवर ते आले. आज निरोप खिशातल्या फोनवर येतो. तरी वाईट बातमी आली की ती दाबायची नाही, त्याच दिवशी सांगायची, आणि त्या माणसाला एकटं न सोडता सोबत एकानं जायचं, हा आमच्या दिंडीचा नेम आहे. तो तात्यांनी घालून दिला. आजवर कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून इथं लिहून ठेवला.

राम कृष्ण हरी.