शेक आणि श्वास

वऱ्हाडातील ज्या जिल्ह्याची नोंद सरकारी दप्तरात 1905 पर्यंत वणी या नावाने होत असे आणि पुढे यवतमाळ या नावाने होऊ लागली, तेथील अन्ननलिकेच्या कर्करोगाचा रुग्ण, 1941 साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडल्यावर, उपचारासाठी निघालाच, तर दारव्ह्याहून शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूर गाठून मुंबईची गाडी धरू शके. विडी आणि तंबाखूचा खर्रा यांचे या मुलखातील प्रस्थ पाहता असे रुग्ण दुर्मीळ नव्हते.

अन्ननलिका कण्याच्या पुढे, हृदयाच्या मागे आणि दोन फुप्फुसांच्या मध्ये असते. मज्जारज्जूला सुमारे 45 ग्रेपलीकडे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) किरणे सोसत नाहीत, म्हणून कोबाल्टच्या किरणांचा शेक तिरपा द्यावा लागे, आणि तो फुप्फुसातूनच जाई. म्हणजे मज्जारज्जू वाचवायचा तर फुप्फुसाला भुर्दंड. कोबाल्टच्या त्या काळी छातीभोवती शिशाची तार वळवून, तिचा आकार आलेखाच्या कागदावर उतरवून, त्यात बेरियम पाजून घेतलेल्या क्ष-किरणचित्रावरून गाठीची जागा मांडीत. फुप्फुसाचा कोणता हिस्सा किती भाजला, याचा ताळेबंद मात्र कोणी ठेवू शकत नव्हते.

माझ्या मते खरी अडचण अंतराची होती. किरणजन्य फुप्फुसदाह उपचार संपल्यावर बहुधा एक ते सहा महिन्यांत, म्हणजे रुग्ण गावी परतल्यावर, कोरडा खोकला, बारीक ताप आणि धाप घेऊन येतो. आपल्याकडे अशा खोकल्यावर प्रथम क्षयाचा संशय घेण्याची वहिवाट असल्याने, ज्याने शेक दिला त्याच्यापर्यंत त्याची वार्ता पोचणे कठीणच होते.

सीटी स्कॅनच्या चित्रांवर उपचाराची आखणी होऊ लागल्यावर फुप्फुसाच्या कोणत्या हिश्श्याला किती मात्रा मिळते, हा हिशेब शक्य झाला. 20 ग्रे वा अधिक मात्रा मिळणारा फुप्फुसाचा भाग साधारणतः शेकडा 30 च्या आत राखावा, असा दंडक पडला. किरणांची तीव्रता जागोजागी बदलण्याची आणि श्वासासरशी हलणारी गाठ टिपण्याची सोय झाली. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत औषधांच्या जोडीने दिलेले 50 ग्रे हे नुसत्या 64 ग्रेपेक्षा सरस ठरले, आणि केवळ मात्रा वाढवीत नेण्याचा मोह ओसरला.

आज यवतमाळचा रुग्ण नागपूरला जाऊन शेक घेऊ शकतो. घरी आल्यावर धाप लागली, तर जवळच्या डॉक्टरांना उपचाराचा कागद आधी दाखवावा. जंतुसंसर्ग नसल्याची खात्री झाल्यावर स्टेरॉइड सुरू करतात, आणि बरे वाटू लागले तरी ते एकदम न थांबविता आठवड्यांच्या हिशेबाने उतरवीत आणतात.